पेट्रोलचा काटा मेला : सीएनजी किट बसवलेल्या हॅचबॅकच्या प्रकल्प नोंदी

गाडी : २००४ची पेट्रोल हॅचबॅक, एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं इंजिन), टाकी ३५ लिटरची. नंतर बाहेरून सीएनजी किट बसवलेलं. रोजचं धावणं सीएनजीवर, टाकीत पेट्रोल महिनोन् महिने अर्ध्याच्या आसपास पडून. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तीच कामाला येते.

तक्रार : काटा ई वर, म्हणजे 'टाकी रिकामी'वर, पडून राहतो. कधी गतिरोधकावर गाडी आदळली की टुणकन अर्ध्यावर येतो आणि पाच-दहा मिनिटांत परत झोपतो. इंजिनाच्या तापमानाचा काटा व्यवस्थित. राखीव पेट्रोलचा पिवळा दिवा लागत नाही.

१२ जानेवारी २०२५, रविवार. साडेतीन तास, सगळे वाया

सुरुवातच चुकली. फ्यूज पाहिला, ठीक होता, आणि थेट मीटर कन्सोल उघडायला घेतलं. स्टिअरिंगखालचं कव्हर, कन्सोलची झालर, चार स्क्रू, मागचे दोन कनेक्टर, स्पीडोमीटरची केबल. झालर ओढताना उजवीकडची एक क्लिप तुटली. वीस वर्षांचं प्लास्टिक थंडीत बिस्किटासारखं तुटतं. अशा कामाआधी गाडी तासभर उन्हात उभी करावी.

कन्सोलच्या मागचा लवचिक सर्किट-पट्टा भिंगातून पाहिला. तडा नाही, काट्याचे नट घट्ट. सगळं जसंच्या तसं परत बसवलं.

हे काम टाळता आलं असतं, कारण दोन खुणा समोरच होत्या. पहिली : या मीटरमध्ये पेट्रोल आणि तापमान हे दोन्ही काटे एकाच ७ व्होल्टच्या रेग्युलेटरवर चालतात. रेग्युलेटर किंवा कन्सोलचा अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणारी जोडणी) गेला असता तर दोन्ही काटे एकदम बोंबलले असते. दुसरी : काटा ई वर आणि पिवळा दिवा बंद. दिव्याची वायर वेगळी असते आणि तो टाकीतल्या एका छोट्या थर्मिस्टरवर चालतो. थर्मिस्टर पेट्रोलमध्ये बुडालेला असेपर्यंत थंड राहतो. उघडा पडला की तापतो, त्याचा रोध घटतो आणि दिवा लागतो. म्हणजे दिवा सांगत होता टाकीत पेट्रोल आहे, काटा सांगत होता नाही. दोघांत खोटं कोण बोलतंय हे कन्सोल न उघडताही कळण्यासारखं होतं.

खर्च : तुटलेल्या क्लिपसाठी चिकटद्रव्य, ₹४०.

१३ जानेवारी, सोमवार संध्याकाळ. पाऊण तास

आता जे आधी करायला हवं होतं ते. मागची सीट उचलली, खालच्या पत्र्यावरचं चार स्क्रूंचं झाकण काढलं. (सगळ्या गाड्यांत हे झाकण नसतं. नसेल तर टाकी खाली उतरवावी लागते आणि काम दुप्पट होतं.) झाकणाखाली चार पिनांचा कनेक्टर : पंपाची +१२ व्होल्ट, काट्याचा सिग्नल, दिवा आणि काळी अर्थ. पंप आणि फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा भाग, त्याचा दांडा वर-खाली झाला की रोध बदलतो आणि काटा हलतो) या दोघांना मिळून ही एकच काळी वायर आहे. ही गोष्ट तेव्हा डोळ्यांसमोर होती, डोक्यात शिरली नाही.

कनेक्टर सोडवून चावी ऑन केली. सिग्नलच्या पिनवर ७.१ व्होल्ट. म्हणजे मीटरपासून टाकीपर्यंतची वायर शाबूत.

यानंतर बरेच जण सिग्नलची वायर थेट बॉडीला टेकवून काटा एफ वर, म्हणजे 'टाकी भरलेली'वर, जातो का बघतात. तसं करू नका. घाईत चुकून पंपाची वायर टेकली तर फ्यूज उडतो. आणि काही मीटर असे असतात की पूर्ण टाकीलासुद्धा त्यांना ३० ओहमच्या वर रोध अपेक्षित असतो, त्यांना शून्य ओहम दिला तर काटा जोरात जाऊन आपटतो. त्यापेक्षा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून १ वॉटचे तीन रेझिस्टर आणावेत : ४.७, ३३ आणि १२० ओहम. तिघांचे मिळून ₹१० गेले.

रेझिस्टर कनेक्टरच्या गाडीकडच्या बाजूला, सिग्नल आणि काळ्या पिनच्या मध्ये अडकवला :

१२० ओहम – काटा ई वर.
३३ ओहम – बरोबर अर्ध्यावर.
४.७ ओहम – एफ वर.

हा काटा द्विधातू पट्टीचा आहे, पट्टी तापते तसा सरकतो. त्यामुळे प्रत्येक वेळी किमान मिनिटभर थांबा. पहिल्यांदा दहा सेकंदांतच 'हलत नाही' असा निष्कर्ष काढून झाला होता.

निकाल : मीटर चांगलं, वायरिंग चांगलं, दोष टाकीत. तीन रेझिस्टर आणि पाऊण तास. काल साडेतीन तासांत जे कळलं नाही ते.

१४ ते १७ जानेवारी. टाकी रिकामी करणं

नळी घालून पेट्रोल काढायचा विचार सोडला, फिलरच्या तोंडातल्या झडपेत नळी अडकते. सीएनजीचं बटण बंद ठेवून चार दिवस पेट्रोलवरच गाडी चालवली.

गुरुवारी पेट्रोल साधारण तिसऱ्या भागाखाली गेल्यावर काटा एकदम जिवंत झाला. हलतो, पण हिशोबापेक्षा बराच खाली. शुक्रवारी टाकीत अंदाजे ९ लिटर असायला हवे होते आणि काटा ई ला जवळजवळ टेकलेला, दिवा मात्र बंदच. 'फ्लोट खराब आहे, तर चुकीचं दाखवणारच' म्हणून नोंद करून पुढे गेलो. ती नोंद तेव्हाच नीट वाचली असती तर २६ तारखेचं काम त्याच आठवड्यात झालं असतं.

१८ जानेवारी, शनिवार. तीन तास

फ्लोट बाहेर काढणं. क्रम असा :

आधी सीएनजी सिलिंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद. मग पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू केलं. पाइपातलं पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडलं, आणखी दोनदा स्टार्टर मारला. पाइपातला दाब असाच उतरवतात. मग बॅटरीचा निगेटिव्ह सोडवला. गाडी उघड्यावर, चारही दारं उघडी, अग्निशामक हाताशी. लोंबणारा पिवळा बल्ब, ड्रिल, फोन यांतलं काहीही टाकीच्या तोंडाशी नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती गाडीच्या तळाशी साचून राहते आणि वास गेला असं वाटलं तरी गेलेली नसते.

टाकीच्या माथ्यावर बोटभर माती होती. ब्रश आणि व्हॅक्यूमने साफ केल्याशिवाय पंपाचं युनिट धरून ठेवणारी रिंग फिरवू नका, सगळी माती आत पडते आणि पंपाच्या जाळीवर बसते. प्लास्टिकची रिंग लाकडी ठोकळा आणि रबरी हातोडीने डावीकडे ठोकत सोडवली. लोखंडी छिन्नी वापरली तर ठिणगीचा धोका, शिवाय रिंगचे दातही तुटतात. पंपाचं युनिट बाहेर काढताना फ्लोटचा दांडा आडवा येतो. तिरकं करून, दांडा आधी बाहेर, मग बाकीचं. ओढाताण केली की दांडा वाकतो आणि पुढे सगळी मापं चुकतात.

फ्लोट हलवून पाहिला. आत पेट्रोल खळखळलं नाही, पाण्यावर नीट तरंगला. मल्टिमीटर २०० ओहमवर लावून, मीटरच्या वायरींचा स्वतःचा ०.३ ओहम वजा करून, दांडा सावकाश फिरवला :

पूर्ण वर – ४ ओहम. तिथून २६ पर्यंत सलग. २६ पासून ४८ पर्यंत संपर्कच नाही, मल्टिमीटर 'ओएल' (सर्किट तुटलेलं) दाखवतो. ४८ पासून पुन्हा सलग. पूर्ण खाली – ११८ ओहम.

सर्किट तुटलं की हा मीटर ई दाखवतो. टाकी तिसऱ्या भागापासून अर्ध्याच्या थोडं वरपर्यंत असेल तेव्हा काटा झोपणार, त्याच्या वर-खाली जागा राहणार. लक्षणाशी तंतोतंत जुळलं.

कारणही भिंगाखाली दिसलं. रोधाच्या पट्टीवर मधल्या भागात संपर्काच्या टोकांनी चर पाडलेला, दोन्ही कडा चकचकीत. हल्ली काटा बिघडला की लोक ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलला शिव्या घालून मोकळे होतात. पण इंधनाने खाल्लं असतं तर पट्टी सगळीकडे काळवंडली असती. इथे गाडी सीएनजीवर धावत राहिली, पेट्रोलची पातळी बदललीच नाही, आणि फ्लोट त्याच चार मिलिमीटरमध्ये वर्षानुवर्षं थरथरत राहिला. एकाच जागी घासून पट्टी संपली.

आणि मग दुसरी चूक. कॉन्टॅक्ट क्लीनर (₹३२०) मारला, टोकं चिमट्याने अर्धा मिलिमीटर वाकवून चराच्या बाजूच्या पट्टीवर आणली. टेबलावर रोध ४ ते ११८ सलग आला. आनंदाने परत बसवलं.

बसवताना टाकीच्या तोंडाचा जुनाच रबरी ओ-रिंग लावायचा प्रयत्न केला. पेट्रोल लागलेला ओ-रिंग फुगतो आणि खाचेत बसत नाही, अर्धा तास झटापट करूनही एका बाजूने बाहेर येत राहिला. शेवटी नवीन आणला, ₹१९०. युनिट उघडायच्या आधीच नवीन ओ-रिंग घरात असावा.

संध्याकाळी १० लिटर भरले. काटा अर्ध्यावर आला आणि थांबला.

२१ जानेवारी, मंगळवार

काटा पुन्हा ई वर. तीन दिवस टिकलं. झिजलेल्या पट्टीवर टोकं सरकवणं म्हणजे फाटक्या जागेशेजारी टाका घालणं. टेबलावर चालतं कारण टेबल थरथरत नाही. पट्टीवर चर दिसला तर क्लीनर मारत बसू नका. नुसता काळा थर असेल तर गोष्ट वेगळी, तो पुसला जातो.

२२ जानेवारी, बुधवार. दोन तास

पुण्याच्या नाना पेठेत सुटे भाग शोधले. दोन दुकानांत 'पूर्ण पंप असेंब्ली घ्या' असंच ऐकू आलं. पंप चांगला असताना तिप्पट-चौपट पैसे घालायची गरज नव्हती. तिसरीकडे नुसतं फ्लोट युनिट मिळालं, दिसायला हुबेहूब, ₹६५०. मल्टिमीटर घरी राहिला होता. घरी येऊन मोजलं : फ्लोट खाली ५ ओहम, वर १८२. पूर्ण उलटा प्रकार! हा लावला असता तर भरलेली टाकी रिकामी दिसली असती. पाकीट फाडलेलं, त्यामुळे परत घेतलं गेलं नाही.

यात दुकानाचा दोष नाही. फ्लोट बाहेरून सारखेच दिसतात, आतला रोध मात्र घराण्याप्रमाणे बदलतो. जपानी आराखड्याच्या बऱ्याच गाड्यांत रिकाम्या टाकीला ११०–१२० आणि भरलेल्या टाकीला ३–५ ओहम. युरोपीय पद्धतीच्या अनेक युनिटांत रिकामीला १० आणि भरलेलीला १८०. अमेरिकी पद्धतीची सुटी मीटरं बहुधा २४० ते ३३ वर चालतात. मल्टिमीटर खिशात घेऊन जा आणि काउंटरवरच दोन टोकं मोजा, दुकानदार हसला तरी.

२५ जानेवारी, शनिवार. अडीच तास

मोजून आणलेलं युनिट : ३.८ ते ११९ ओहम, ₹१,२४०. थर्मिस्टरची वायर जुन्यासारखीच, ब्रॅकेटची भोकं जुळली.

या वेळी टाकी अर्धी असतानाच उघडली. तोंड वर असल्याने सांडत नाही, फक्त वास जास्त आणि दांड्यावरून ठिबकतं. जाड कापड आणि पत्र्याचा ट्रे खाली ठेवला.

युनिट बदलताना सगळ्यात महत्त्वाचं माप दांड्याचं. जुना आणि नवा दांडा शेजारी ठेवून, ब्रॅकेटच्या तळापासून फ्लोटच्या मध्यापर्यंतचं अंतर पूर्ण खाली आणि पूर्ण वर अशा दोन्ही टोकांना मोजा. नव्याचं खालचं टोक ७ मिलिमीटर वर थांबत होतं. तसंच बसवलं असतं तर टाकीत तीन-चार लिटर असताना काटा ई वर स्थिर झाला असता; गैरसोय फार नाही, पण खोटंच. दांडा दोन पकडींनी धरून वाकवला : एक पकड पिव्होटजवळ धरून ठेवायला, दुसरी वाकवायला. एकाच पकडीने वाकवलं की जोर पट्टीवरच्या संपर्कावर जातो आणि नवं युनिट पहिल्याच दिवशी बिघडतं.

नवा ओ-रिंग, ₹१९०. युनिटवरची खूण टाकीवरच्या खुणेशी जुळवूनच रिंग घट्ट करा. युनिट थोडं जरी फिरलं तरी फ्लोट टाकीच्या भिंतीला घासतो. बॅटरी जोडली, चावी तीनदा ऑन-ऑफ करून पंपाला दाब भरू दिला, तोंडाभोवती कोरडं बोट फिरवलं. ओल नाही.

चावी ऑन : काटा अर्ध्यावर.

२६ जानेवारी, रविवार. पावणेदोन तास

सकाळी इंजिन चालू केल्यावर काटा अर्ध्यावरून हळूहळू पावावर उतरला. गाडी तापून सीएनजीवर गेली तसा काटा परत अर्ध्यावर चढला! बटण दाबून पेट्रोलवर आणली, दोन मिनिटांत पाव. सीएनजी, अर्धी. चार वेळा करून पाहिलं, चारही वेळा तेच.

सीएनजी आणि काट्याचा काय संबंध? थेट काहीच नाही. पण या किटमध्ये गाडी सीएनजीवर गेली की पेट्रोलचा पंप बंद होतो. पंप चालू तर काटा खाली, पंप बंद तर बरोबर. आणि पंप आणि फ्लोटची काळी वायर एकच.

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावला. काळं टोक लांब वायरने बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल टोक टाकीच्या कनेक्टरच्या मागून काळ्या पिनला. सीएनजीवर ०.०३ व्होल्ट. पेट्रोलवर १.७ व्होल्ट. धड अर्थ असेल तर इथे ०.१ च्या वर जायला नको.

हिशोब सोपा आहे. पंप साधारण ४ अँपिअर ओढतो, १.७ भागिले ४ म्हणजे अर्थच्या वाटेत ०.४ ओहमचा अडथळा. पंप चालू झाला की फ्लोटचा 'शून्य' १.७ व्होल्टने वर उचलला जातो आणि काट्याच्या वाट्याला ७ ऐवजी ५.३ व्होल्ट येतात. अर्धी टाकी पाव दिसते, पाव टाकी रिकामी दिसते. १७ तारखेचं ते ९ लिटरचं कोडं इथे सुटलं.

१३ तारखेच्या रेझिस्टरच्या चाचणीत हे का सापडलं नाही? कारण तेव्हा कनेक्टर सुटलेला, पंप बंद. काट्याच्या जेमतेम ०.०८ अँपिअरला ०.४ ओहमचं काही वाटत नाही. मल्टिमीटरने अर्थचा रोध मोजूनही हे सापडणं कठीण, ०.४ ओहम तर मीटरच्या वायरींच्या चुकीतच बुडून जातो. अर्थ तपासायचा तो ओझं (इथे पंप) चालू ठेवून, आणि व्होल्टमध्ये.

काळी वायर हाताने चाचपत मागे गेलो. मूळच्या बोल्टवर ती नव्हतीच. किट बसवताना तिचं थिंबल (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) काढून सिलिंडरच्या स्टँडच्या बोल्टखाली दाबलेलं होतं : खाली रंगवलेला पत्रा, वर रंगवलेला स्टँड, मधे थिंबल. वीज फक्त बोल्टच्या आट्यांतून वाट काढत होती आणि आटे गंजलेले. सिलिंडरच्या स्टँडच्या बोल्टला हात लावला नाही, तो आपल्या कामाचा नव्हे. वायरला नवं थिंबल दाबून मूळच्या ६ एमएम भोकाशी आणली, भोकाभोवतीचा रंग नाण्याएवढ्या जागेत सँडपेपरने उघड्या पत्र्यापर्यंत खरवडला, दातेरी वॉशर, नवा बोल्ट, वरून ग्रीस. थिंबल, वॉशर, बोल्ट मिळून ₹३५.

परत मोजलं : पेट्रोलवर ०.०६ व्होल्ट. काटा दोन्हीकडे अर्ध्यावर. पंपाचा आवाजही थोडा भरीव झाला. बिचाऱ्याला पहिल्यांदाच पूर्ण व्होल्ट मिळत होते.

२ फेब्रुवारी, रविवार. एक तास

मापून पाहणं. आठवडाभर मुद्दाम पेट्रोलवर चालवून पिवळा दिवा लागेपर्यंत पातळी खाली आणली. दिवा लागला तेव्हा काटा ई च्या रेघेच्या किंचित वर. सकाळी गर्दी नसताना पंपावर ५-५ लिटर भरत गेलो, प्रत्येक वेळी गाडी बाजूला सपाट जागी लावून, चावी ऑन ठेवून दोन मिनिटं थांबून काट्याचा फोटो काढला. उतारावर मोजू नका, फ्लोट टाकीच्या एका बाजूला असल्याने काटा सहज एक रेघ चुकतो.

५ लिटरनंतर पावाच्या थोडं वर, १० नंतर अर्ध्याच्या जरा खाली, १५ नंतर अर्धा ओलांडून, २५ नंतर एफ च्या एक बोट अलीकडे. पिस्तूल आपोआप बंद होईपर्यंत एकूण २९.६ लिटर गेले. म्हणजे दिवा लागतो तेव्हा टाकीत पाचेक लिटर शिल्लक.

खर्च ₹२,६७५. त्यातले ₹१,२०० निव्वळ चुकांचे : क्लिपचं चिकटद्रव्य, क्लीनर, चुकीचं युनिट, दुसऱ्यांदा लागलेला ओ-रिंग. गॅरेजची मजुरी यात नाही. वेळ साडेचौदा तास. त्यातले निम्मे तरी १२ जानेवारीचे, १८ तारखेच्या जुगाडाचे आणि त्यापायी झालेल्या दुसऱ्या फेरीचे.

१६ फेब्रुवारी, रविवार

दोन आठवडे ठीक. सीएनजी-पेट्रोल अदलाबदलीत काटा हलत नाही. नवी पट्टीसुद्धा एकाच जागी झिजू नये म्हणून आता पातळी बदलती ठेवायची : महिन्यातून एकदा पेट्रोलवर चालवायची, पातळी पाव ते पाऊण यांत फिरती. इंजेक्टरनाही ते बरं.

सीटखालचं झाकण परत लावताना त्याच्या फोमची पट्टी बदलली, जुनी भुगा झाली होती आणि मागच्या सीटवर पेट्रोलचा मंद वास येत असे. चिकटवलेली क्लिप मात्र धरली नाही, खडबडीत रस्त्यावर कन्सोलची झालर खुळखुळते.